नवव्या पाइकमध्ये घरमालकीण कुणाच्या आवाजात बोलते

कालिक्स्त व्रोना तरुणपणी लंडनला हेर होता, असं आमच्या क्रोस्नो गावात म्हणतात. पुरावे विचाराल तर ढीगभर. भर ऑगस्टात माणूस गळ्याला मफलर गुंडाळून फिरतो. दर गुरुवारी कुणाशी चकार शब्द बोलत नाही. बेकरीत येतो, पावाकडे बोट दाखवतो, मान तुकवतो आणि निघतो. शिवाय एजंट पाइकचे चौदाच्या चौदा सिनेमे त्याला तोंडपाठ आहेत. आता स्वतःच्या अंगावरून गेल्याशिवाय कुणाला एवढं पाठ राहतं का, असं बेकरीच्या रांगेत कुणीतरी विचारतं आणि अख्खी रांग मान डोलावते.

खरं म्हणजे व्रोनासाहेब लंडनला कधीच गेले नाहीत. लांबात लांब गेले ते बल्गेरियाला, कारखान्याच्या सहलीबरोबर, आणि पहिल्याच संध्याकाळी शिंपले खाऊन उरलेली सहल त्यांनी हॉटेलच्या न्हाणीघरात काढली. तरुणपणी ते आमच्या काचकारखान्यात होते, पण भट्टीवर नव्हे, भोंग्याच्या खोलीत. आज जेवायला बिटाचं सूप, बटाटे आणि कोबी. आज अमक्याचा नामदिन, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस, त्याला शुभेच्छा. तमक्याचा हात भाजलाय, डॉक्टरांनी तिसऱ्या भट्टीकडे यावं. हे सगळं कारखानाभर ऐकू जाईल असं वाचायचं, आणि तिन्ही बातम्या एकाच आवाजात. तो आवाज ऐकूनच गावातल्या 'युत्शेंका' थिएटरवाल्यांनी त्यांना उचललं. गुरुवारी ते बोलत नाहीत, कारण गुरुवारी संध्याकाळी त्यांना बोलायचं असतं. घसा राखून ठेवतात, एवढंच. अफवा त्यांच्या कानावर आहे, पण त्यांनी ती कधी खोडली नाही. उलट लंडनचा विषय निघाला की मफलर बोटभर वर ओढतात.

युत्शेंकात पाइकचे जुने सिनेमे लागतात ते इंग्रजीच बोलणारे, खाली आपली अक्षरं नसलेले. म्हणून हॉलच्या मागच्या भिंतीला एक लाकडी खोकं आहे. त्यात छोटा दिवा, मायक्रोफोन आणि एक माणूस. पडद्यावर पाइक बोलला की तोच वाचतो, खलनायक बोलला की तोच, आणि खलनायकाच्या तलावातून पोहून बाहेर आलेली बाई बोलली तरी तोच. टीव्हीवरही असंच असतं, त्यामुळे यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. या माणसाला लेक्टर म्हणतात. आमचे लेक्टर व्रोनासाहेब.

त्यांचा आवाज कागदावर कसा दाखवायचा ही माझी मोठी पंचाईत आहे. असं करा, 'नदीचं पाणी घरात शिरलं आहे' आणि 'मीठ संपलं आहे' ही दोन वाक्यं एकाच पट्टीत म्हणून बघा. जमलं तर तुम्ही व्रोना झालात. चौथ्या पाइकच्या वेळी बुफेतल्या, म्हणजे हॉलबाहेरच्या चहा-खाण्याच्या काउंटरवरच्या, शेगडीजवळचा फडका पेटला. पडद्यावर खलनायकाचा डोंगरातला अड्डा जळत होता आणि इकडे व्रोनासाहेबांनी मायक्रोफोनवर सांगितलं, "बुफेमध्ये आग लागली आहे. सर्वांनी उजव्या दाराने शांतपणे बाहेर यावं." कुणीही हललं नाही. लोकांना वाटलं, खलनायकाच्या अड्ड्यात बुफे आहे. माझ्या शेजारचा माणूस तर म्हणाला, "चांगली सोय केलीय." शेवटी मॅनेजर शोस्ताकबाईंनी चहाची किटली ओतून आग विझवली, आणि सिनेमा संपल्यावर निम्म्या गावाला प्रश्न पडला की आग लागलेला तो बुफे शेवटी गेला कुठे.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं नाव यागोदा, वय सतरा, आणि मला माणसं उचलता येतात, म्हणजे त्यांचे आवाज. आमचे भूगोलाचे मास्तर वाक्याची शेपटी गिळतात, त्यामुळे वर्गात निम्म्या देशांच्या राजधान्याच कुणाला ऐकू येत नाहीत. ते मला येतं. शोस्ताकबाई प्रत्येक वाक्याला 'की नाही' जोडतात, जिथे नाहीचा प्रश्नच नाही तिथेही, तेही येतं. माझ्या अंगात स्वतःचं असं फारसं काही नसावं, म्हणून एवढी माणसं मावतात, असं आई म्हणते. मी ते कौतुक समजत होते. मधल्या सुट्टीत माझा हातखंडा प्रयोग म्हणजे व्रोना: 'प्रिये, माझं तुझ्यावर प्रेम आहे. बटाटे. कोबी.' मुलं लोळायची.

तर गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला सातव्या पाइकच्या दिवशी व्रोनासाहेबांचा घसा साफ बसला. लिंडनच्या फुलांचा काढा झाला, रास्पबेरीचं सरबत झालं, पण तोंडातून नुसती हवा. शोस्ताकबाई धावत आमच्याकडे आल्या.

"यागोदा, तू शाळेत सगळ्यांच्या नकला करतेस, की नाही? मला सगळं कळतं, माझीही करतेस, की नाही? चल, कोट घाल."

मी खोक्यात बसले आणि व्रोनासाहेबांचे टाइप केलेले कागद पुढे ओढले. पण मी काय नुसतं वाचणार? पाइकला मी रेडिओवरच्या हवामानवाल्याचा गोड आवाज दिला, खलनायकाला भूगोलाचे मास्तर, आणि सुंदर हेरबाईला शोस्ताकबाई. 'मी तुला गोळी घालणार आहे, की नाही.' हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. आठव्याच्या वेळीही घसा बसलेलाच होता, तेव्हा शोस्ताकबाईंनी दारावरच्या फळ्यावर पाइकच्या खाली माझं नाव लिहिलं. मी ते तीनदा जाऊन वाचलं, दर वेळी सहज तिकडून जात असल्यासारखा चेहरा करून. व्रोनासाहेब पहिल्या रांगेत मफलर गुंडाळून बसले होते. हसले नाहीत. मला वाटलं, जळतात.

नवव्याच्या आधी त्यांचा घसा उघडला. शोस्ताकबाईंनी आम्हा दोघांना बुफेत बसवलं, समोर चहाचे ग्लास ठेवले.

"बघा साहेब, माझा दोघांवर जीव आहे, की नाही. पण त्या व्हिडिओच्या दुकानाने निम्मा गाव घरी बसवलाय. मला खुर्च्या भरायला हव्यात. नववा दोनदा लावते. गुरुवारी ही वाचेल, शुक्रवारी तुम्ही. मग उन्हाळ्यापर्यंत खोक्यात कोण बसणार ते ठरवते."

"आणि जो बसणार नाही त्याने काय करायचं?" व्रोनासाहेबांनी विचारलं.

"त्याने तिकीट काढून समोर बसायचं, की नाही."

शोस्ताकबाई गेल्या. व्रोनासाहेब ग्लासातली लिंबाची चकती चमच्याने दाबत राहिले. "कारखान्यातून सुटल्यापासून मी सोमवार, मंगळवार आणि बुधवारी गुरुवारची वाट बघतो," ते म्हणाले. बिटाचं सूप, बटाटे आणि कोबी, त्याच आवाजात. त्यामुळे ते किती मोठं बोलून गेले हे मला तेव्हा कळलंच नाही. मी आपली सिनेमावर घसरले.

"दोनदा लावायचा तर बाईंनी दुसरा तरी निवडायचा. नववा म्हणजे रद्दी."

हे माझं एकटीचं मत नव्हतं. नवव्या पाइकला गावात कुणी विचारत नाही. बाकीच्या तेरांमध्ये मोटार पाण्यात पोहते, तिजोरी बोलते, पाइक बर्फावरून, उंटावरून, एकदा तर चर्चच्या घंटेला लोंबकळून पळतो. नवव्यात तो एका समुद्रकाठच्या गावात येतो तोच शिंकत. तिथे एका विधवेच्या घरी खोली घेतो आणि होडीतून कुणीतरी उतरायची वाट बघतो. तो कुणीतरी म्हणजे त्या बाईचाच भाऊ, आणि पाइक त्याला धरायला आलाय. पाऊस पडतो. बाई बटाटे सोलते. पाइकही बटाटे सोलतो. गोळी एकच सुटते आणि तीही चुकते.

"पैसे संपले असणार त्यांचे," मी म्हणाले. "मोटार घ्यायला उरलेच नसतील, म्हणून बटाटे घेतले."

"असेल," व्रोनासाहेब म्हणाले. "पण मी चौदाही वाचलेत. तेरांमध्ये पाइक प्रश्न विचारतो आणि उत्तर यायच्या आत खिडकीतून उडी मारतो. मला श्वास घ्यायला जागा नसते. या एकात तो बाईला विचारतो, तुमचा भाऊ कधी घरी येतो का? आणि मग थांबतो. ती उत्तर देत नाही, तरी थांबतो. अर्धा सिनेमा थांबतो. हेराचं काम ऐकायचं असतं. चौदांमध्ये ते त्याने इथेच केलंय."

"लोकांना झोप येते तिथे."

"तुझ्या गुरुवारी येणार नाही. तू जागं ठेवशील. लोक तुला बघतील."

"बघतील कसे? खोक्यात असते मी."

"तरी तुलाच बघतात."

हे मला झोंबलं. मी म्हणाले, "आणि तुम्ही वाचल्यावर काय बघतात? साठी उलटलेला मिशीवाला माणूस विधवेचं बोलतोय, हेच ना?"

"मी वाचतो तेव्हा तिचा आवाज तिचाच असतो."

"मग लावा पैज."

ते चमचा बाजूला ठेवून बसले. माणूस एकदम ताठ झाला. मला वाटतं, बल्गेरियानंतर त्यांना पहिल्यांदाच साहस दिसलं. "शुक्रवारी माझं ऐकून बाहेर येणाऱ्या कुणालाही विचार, घरमालकिणीचा आवाज कसा होता. माझ्यासारखा म्हणाला तर मी हरलो. माणूस तू निवड."

मी लगेच त्रुदा मावशी निवडली. त्रुदा मावशी बेकरीत असते आणि खोटं बोलणं तिला जमत नाही, शिष्टाचारापुरतंही नाही. बारशाला जाते आणि बाळाकडे बघून म्हणते, "नाक वडिलांचं आलंय, बिचाऱ्याला." शिवाय या गुरुवारी संध्याकाळी तिची बेकरीत पाळी होती, म्हणजे तिने माझं ऐकलेलं नसणार. आणि व्रोनासाहेबांना ती रोज पाव देते. ती त्यांचा आवाज विसरेल, हे कोण म्हणेल?

"मी हरलो तर खोकं तुझं," ते म्हणाले. "शोस्ताकबाईंना मी स्वतः जाऊन सांगेन, ठरवायचे कष्टही नकोत. तू हरलीस तर वर्षभर माझी नक्कल बंद. शाळेतही आणि बेकरीतही."

"शाळेतलं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लंडनला शिकलो," असं म्हणून त्यांनी मफलर वर ओढला.

गुरुवारी हॉल शिगोशीग भरला. पाइकच्या शिंका मी अशा दिल्या की पुढच्या रांगेतल्या एका आजींनी वळून 'देव भलं करो' म्हटलं. घरमालकिणीला मी पाद्रीबुवांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा आवाज दिला, नाकातला, कायम रडण्याच्या काठावर असलेला. मग तो प्रसंग आला. खिडकीबाहेर होडीचा भोंगा वाजतो. बाईला कळतं, भाऊ उतरणार. पाइकला कळतं, आता उठायचं. तो कोट घ्यायला हात पुढे करतो. बाई त्याच्यासमोर बशी ठेवते. इथे मी जीव ओतला. तिचे ओठ हलायच्या आधीच हुंदका सुरू केला. "आधी सूप घ्या हो… गार होईल…" हॉल फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, "मलाही वाढ गं." लोक डोळे पुसत होते, पण हसून. मी खोक्यात बसून मनातल्या मनात फळ्यावरचं माझं नाव आणखी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर थापाच थापा. आमच्या वर्गातल्या एकीने विचारलं, "शेवटी तो भाऊ सुटला की धरला?" शेजारच्याने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. कुणालाच माहीत नव्हतं. "हसण्यात राहूनच गेलं," सगळे म्हणाले, आणि मी ते बक्षिसासारखं घरी घेऊन गेले. अक्कल वाटत होते तेव्हा मी नकला करत असणार.

शुक्रवारी हॉल अर्धाच होता. मी शेवटच्या रांगेत, खोक्याला पाठ लावून बसले, उद्याच्या प्रयोगासाठी नवीन माल मिळेल म्हणून. त्रुदा मावशी मधल्या रांगेत, मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पुडी. व्रोनासाहेबांनी सुरुवात केली. बिटाचं सूप. बटाटे. मी कान लावून ऐकत होते, कारण नक्कल करायची तर आधी माणूस कुठे श्वास घेतो ते पकडावं लागतं. आणि मला एक चमत्कारिक गोष्ट पकडता आली. ते पडद्यावरच्या माणसाबरोबर बोलतच नव्हते. आधी त्याला तोंड उघडू द्यायचे, त्याचा आवाज हॉलभर जाऊ द्यायचे, आणि मग अर्ध्या श्वासाने, त्याच्या मागून, खालून, आपलं वाक्य सरकवायचे. मी दोन वर्षं यांची नक्कल करतेय आणि हा उशीर मी कधी केलाच नव्हता. मला वाटायचं, म्हाताऱ्याला वेळेवर जमत नाही.

भोंगा वाजला. पाइकने कोटाकडे हात नेला. बाईने बशी ठेवली. काल इथे मी हुंदका दिला होता; आज कुणीच काही बोललं नाही. खोक्यातून कागदाचाही आवाज नाही. मी मागे वळून बघितलं तर व्रोनासाहेब हाताची घडी घालून पडद्याकडे बघत होते. मग ती बाई बोलली. मला इंग्रजी येत नाही. पण तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, काल तो माझ्या आवाजाखाली गेला होता. बसका, हळू, जरासा रागावलेला. आणि तिच्या मागून कुणीतरी सांगितलं, "आधी सूप घ्या. गार होईल."

पाइक उभाच. मग त्याने कोट परत खुंटीला लावला, बसला आणि चमचा उचलला. खिडकीबाहेरून एक माणूस पिशवी घेऊन निघून गेला. पाइकने त्याच्याकडे बघितलं, आणि सूप पीत राहिला. मावशीच्या पुडीचा कुरकुर आवाज केव्हा थांबला होता कोण जाणे.

दिवे लागले. कोट ठेवायच्या खिडकीपाशी मी मावशीला गाठलं. शोस्ताकबाई तिथेच कोट देत होत्या. व्रोनासाहेबही खोक्यातून बाहेर येऊन भिंतीपाशी उभे राहिले, गळ्याशी मफलर घट्ट धरून. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या.

"मावशी, कसा वाटला?"

"पाइक एकदाचा माणसासारखा वागला. पण एवढ्या पावसात त्याला छत्री का देत नाहीत?"

"ते सोड. ती घरमालकीण होती ना, तिचा आवाज कसा होता?"

मावशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आलाय. "कसा म्हणजे? बाईचा. जरा बसलेला. रडून झाल्यावर होतो ना, तसा. चांगली बाई आहे ती, मला आवडली."

"अगं पण वाचत कोण होतं?"

"वाचत?" मावशीने कोटाची बाही शोधता शोधता विचार केला. "व्रोना असेल ना, नेहमीचा. का गं? आज आला नव्हता का तो?"

ते तिच्यापासून हातभरावर उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ज्या माणसाला गावाने हेर म्हटलेलं आवडतं, त्याच्या चेहऱ्यावर मी तोपर्यंत एवढा आनंद बघितला नव्हता. शोस्ताकबाईंनी मावशीला कोट दिला, थोडा वेळ खिडकीवर बोटं वाजवली आणि म्हणाल्या, "साहेब, दहाव्याचे कागद मंगळवारी येऊन घेऊन जा." 'की नाही' लावायला विसरल्या.

"आजपासून," व्रोनासाहेब मला म्हणाले. "एक वर्ष."

हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि घशाशी त्यांचाच आवाज आला. तो गिळला. दुसरा पटकन सापडेना, म्हणून नुसती मान हलवली.

शाळेत आता मधली सुट्टी जात नाही. पण पैज नकलेची होती; लिहिण्याबद्दल आमचं काहीच ठरलेलं नव्हतं.